कॅप्टनच्या पुस्तकातली शेवटची दोन पानं

रविवारी सकाळी बाबा मासे साफ करायला बसले की आम्हा दोघांना गोष्ट मिळायची. सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर म्हणजे एक अरुंद पट्टी होती. सिंकशी बाबा उभे, दाराच्या उंबऱ्यावर मी आणि राहुल, आणि आई मागे कांदा चिरत असायची. खिडकीबाहेरून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, गेली की भांडी किंचित थरथरायची आणि बाबा वाक्य अर्धं सोडून गाडी जाईपर्यंत थांबायचे. सुरीच्या पाठीने खवले निघताना जो खरखर आवाज होतो, तो अजूनही कुठल्या बाजारात ऐकला की माझ्या मनात पूर आलेली नदी आधी येते, मग मासळी. कारण गोष्ट बहुतेक वेळा तीच असायची. राहुलला ती पाठ होती. तरी बाबा नदीकाठी पोहोचले की तो "फास्टर लाह, बाबा" म्हणून त्यांना घाई करायचा.

बाबा तुआसच्या जहाज-कारखान्यात इंजिनियर होते. पहाटेच कंपनीची बस यायची, संध्याकाळी ते परत यायचे तेव्हा कपड्यांना वेल्डिंगचा करपट वास असायचा. घरात इंग्रजी पुस्तकं फार नव्हती. जी होती त्यांतलं एकच आई धूळ पुसताना दोन हातांनी उचलायची. निळं कापडी, कडा फुगलेलं, आत तालुक्याच्या हायस्कूलचं लेबल: इंग्रजीत पहिला आल्याबद्दल बक्षीस. आम्ही त्याला कॅप्टनचं पुस्तक म्हणायचो. राणीच्या काळात हिंदुस्थानात आणि पुढे या बाजूच्या समुद्रांवर फिरलेल्या कुणा इंग्रज कॅप्टनने लिहिलेल्या साहसकथा होत्या त्यात: वाघ, चाचे, वादळं, किल्ले. बाबा ज्या वस्तीत वाढले तिथे आख्ख्या गल्लीत हे एकच छापील इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी ते इतकं वाचलं होतं, की पुढे मुलाखतीला गेल्यावर त्यांच्या तोंडून कॅप्टनची वाक्यं निघायची आणि साहेबलोक चमकून बघायचे, असं आई सांगायची.

आमची ठरलेली गोष्ट सह्याद्रीतल्या एका नदीची. पलीकडच्या किल्ल्यावर कॅप्टनचा मित्र तापाने फणफणलेला, औषधाची पेटी अलीकडच्या काठावर, आणि मध्ये पूर. कुणी उतरायला तयार नाही. मग गावाबाहेरून एक वाटाड्या येतो. कमरेला दोर बांधतो, कंदिलाची कडी दातात धरतो आणि तीनदा नदी पार करतो: एकदा दोर बांधायला, एकदा पेटी घेऊन, आणि एकदा खुद्द कॅप्टनला घेऊन. पलीकडच्या काठावर कॅप्टन त्याच्यापुढे हात करतो आणि दोघं हात मिळवतात. तिथे गोष्ट संपायची. बाबा हात धुवून, पुसून, आमच्यापुढे हात करायचे आणि आम्ही दोघं आळीपाळीने तो दाबायचो. मासळीचा वास असायचाच हाताला.

आता इथे घरातली दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. बाबांच्या आजोबांपर्यंत महार. आडनाव नांदगावकर, त्यातून काही कळत नाही, आणि परदेशात कुणी विचारत नाही असं आईचं म्हणणं होतं. विचारलं नाही तर सांगायचं कशाला, हे दुसरं म्हणणं. इथल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत, पुण्यामुंबईच्या त्या तीसेक घरांत, आम्ही फक्त नांदगावकर होतो. कुणी येणार असेल तर आई आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. तिथे बुद्धमूर्ती आणि आजोबांचा दीक्षेच्या दिवसाचा फोटो होता. आदल्या दिवशी सुकटीची चटणी व्हायची नाही. ती आई वेट मार्केटमधल्या, म्हणजे इथल्या मासळीबाजारातल्या, वाळवलेल्या बारीक माशांची करायची, लसूण ठेचून, आणि तिचा वास पडद्यांतून दोन दिवस जात नसे. मला कुणी कधी गप्प बस म्हणून सांगितलं नव्हतं. पण दार लागलं की आवाज खाली आणायचा, हे मला चालायला येण्याइतकं आपोआप आलं होतं.

लिमये काका त्या तीस घरांतलेच. बुओना व्हिस्टाला कॉन्डोमध्ये राहायचे, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम, आणि छंद जुन्या पुस्तकांचा. एका दिवाळीच्या जेवणात कुणीतरी लहानपणीच्या वाचनाचा विषय काढला आणि बाबांनी कॅप्टनच्या पुस्तकाचं नाव घेतलं, तेव्हा काकांनी ताट खाली ठेवलं. पुण्यात त्यांच्या घरीही तेच होतं. पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी ते आमच्याकडे येऊ लागले. माझ्या बाबांना मित्र असा तो एकच होता इथे. बाकी सगळे कामावरचे. दोघं बसून कॅप्टनवर बोलायचे, पण काकांना गोष्टींपेक्षा पुस्तक कसं छापलं गेलं यात जास्त रस. त्यांच्याकडून आम्हाला कळलं की गोष्टी आधी लंडनच्या एका मुलांच्या मासिकात तुकड्यातुकड्याने आल्या, मग सोनेरी गलबताच्या लाल बांधणीत, नाताळात भेट द्यायला म्हणून. ते खपलं तशी रेल्वे स्टेशनांवर विकायची पातळ कागदाची स्वस्त आवृत्ती निघाली. कॅप्टन वारल्यावर कुणा हेडमास्तराने हिंदुस्थानच्या शाळांसाठी ते सोपं करून दिलं, मागे कठीण शब्दांचे अर्थ घालून. आमचं निळं पुस्तक ते. आणि काकांना इथल्याच एका जुन्या दुकानात एक भलतंच सापडलं होतं: सिंगापूरच्या कुठल्याशा छापखान्याने काढलेलं, ज्यात नदीची सामुद्रधुनी झाली होती आणि वाटाड्याचा मलय नावाडी. बाबा त्यावर खूप हसले होते. म्हणाले, चला, म्हणजे आपला माणूस इथे आपल्या आधी पोहोचला.

आपला माणूस असं ते म्हणाले, आणि आईने कपांवरून मान वर केली, हे मला आठवतं. निळ्या पुस्तकात वाटाड्याला नाव नाही, जात नाही. पण गावाबाहेरून आलेला, ज्याला वाटा माहीत, ज्याला पुरात उतर म्हणता येतं, तो कोण असणार हे बाबांनी आठवी-नववीतच ओळखलं होतं. माझ्या पणजोबांसारखा मी त्याला बघायचो, असं ते मला फार नंतर म्हणाले. तेव्हा बोलले नव्हते.

मग काकांनी लंडनच्या एका विक्रेत्याकडून पहिली लाल आवृत्ती मागवली, आणि ती आली तेव्हा पाच-सहा घरांना जेवायला बोलावलं. आईने मला परकर-पोलकं घातलं. कॉन्डोच्या हॉलमध्ये एसी होता, काचेच्या दारातून खाली पोहण्याचा निळा तलाव दिसायचा, आणि जेवणानंतर काकूंनी टेबल पुसून त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला, त्यावर पुस्तक. सगळ्यांनी सोनेरी गलबतावरून बोट फिरवलं. काका म्हणाले, नांदगावकरांची गोष्ट वाचू या, आणि सुजाताचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं, तिनेच वाचावी. मी उभी राहिले. मला वाचताना डोळे एक ओळ पुढे ठेवायची सवय होती, शाळेत त्यासाठी कौतुक व्हायचं. म्हणून तो शब्द मला जिभेवर येण्याआधी दिसला. निळ्या पुस्तकात जिथे नुसता वाटाड्या होता, तिथे इथे 'एक महार' होतं, आणि त्याच्यापुढे दोन विशेषणं, जी मी आजही लिहिणार नाही. मी ती गाळली. विशेषणं आणि शब्द, दोन्ही. आवाज न बदलता 'वाटाड्या' म्हटलं आणि पुढे गेले. पुढच्या पानावर पुन्हा आलं, पुन्हा गाळलं. पुस्तकाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा ओला ठसा उमटलेला मला दिसत होता. नदी तिसऱ्यांदा पार झाली, आणि तिथे हात मिळवणं नव्हतंच. मी तरी पुस्तक मिटत म्हटलं, संपलं.

काका हसले. नाही, इथेच तर गंमत आहे, म्हणाले. शाळेच्या आवृत्तीत नसलेली ही दोन पानं, यांच्यासाठीच तर मी हे मागवलं. आणि पुस्तक घेऊन त्यांनी स्वतः वाचायला सुरुवात केली, मोठ्या, आनंदी आवाजात, शोध लागलेल्या माणसासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनचं घड्याळ सापडत नाही. संशय वाटाड्यावर, कारण त्याची जात. शब्द त्यांनी वाचला. वाचताना त्यांचा आवाज किंचित अडखळला, पण वाक्य लांब होतं, ते थांबले नाहीत. त्याला झाडाला बांधतात, फटके मारतात. मग घड्याळ कॅप्टनच्याच बुटात सापडतं. कॅप्टन आणि तापातून उठलेला मित्र पोट धरून हसतात. वाटाड्याला एक जुना कोट देतात, आणि तो इतका खूश होऊन जातो की फटके विसरलाच असावा, असं कॅप्टन लिहितो.

कॅप्टनची लिहिण्याची लकबच अशी होती की ऐकणारे दोघं-तिघं हसले. वाईट माणसं नव्हती ती. बूट आणि घड्याळ याला हसले. मी बाबांकडे पाहिलं. ते टॉवेलकडे बघत होते, आणि त्यांच्या मानेपासून कानापर्यंत एक गडद रंग चढत गेला होता. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती काकूंना म्हणाली, श्रीखंड फार छान झालं होतं, चक्का घरी बांधलात का. घरी परतायला एमआरटीची दोनच स्टेशनं होती. मला वाटत होतं की डब्यातल्या सगळ्यांनी ती दोन पानं वाचली आहेत. कोट घेतलेला तो माणूस आमच्यातला होता; आणि मला लाज कॅप्टनची वाटायला हवी होती, ती वाटत होती कोटाची. त्याने तो घ्यायला नको होता असं मला वाटत होतं. बारा वर्षांच्या मुलीला न घेण्याची किंमत काय पडली असती हे कुठून कळणार?

त्यानंतर रविवारी मासे आले, गोष्ट आली नाही. राहुलने एकदा मागितली तर बाबा म्हणाले, घशाला त्रास आहे.

आमची घरं मिळून दरवर्षी एक दिवाळी अंक काढायची, झेरॉक्स करून स्टेपल मारलेला, संपादक लिमये काका. त्या वर्षी त्यांनी फोन करून बाबांना त्या गोष्टीचा अनुवाद मागितला. बाबा नाही म्हणतील असं आईला वाटलं असावं, कारण ते हो म्हणाले तेव्हा तिने गॅस बंद केला आणि बाहेर आली. कुठल्या पुस्तकातून, तिने विचारलं. बाबा म्हणाले, लालमधून. त्यावर आठवडाभर घरात ताट-वाट्यांचे आवाज मोठे होते. आईचं म्हणणं सरळ होतं. मुलं इथल्या शाळेत आहेत, त्यांच्या वर्गांत ह्याच घरांतली मुलं आहेत, आणि आपण उठून स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की बघा, आम्हाला असे फटके मारायचे? निळं पुस्तक आहे ना घरात, त्यातून करा. बाबा म्हणाले, त्यातला हात हेडमास्तराने लिहिलाय. आई म्हणाली, चांगलं केलं त्याने. बाबा म्हणाले, मी तीस वर्षं तो हात खरा समजलो, आणि उठून टेबलाशी जाऊन बसले. जेवणानंतर रोज थोडं थोडं असा त्यांनी अनुवाद केला. मी शेजारी बसून गृहपाठ करायचे. ते कधी एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला विचारायचे, आणि शेवटची दोन पानं आली तेव्हा विचारेनासे झाले.

अंक दिवाळीच्या कार्यक्रमात वाटला गेला. काकांच्याच कॉन्डोचा खालचा हॉल, भिंतीवर झेंडूच्या कागदी माळा, आणि एका बाजूला जेवणाची झाकलेली भांडी. मी आधी आमचं नाव शोधलं. अनुवाद: भास्कर नांदगावकर. मग शेवट. पलीकडच्या काठावर कॅप्टनने त्याच्यापुढे हात केला आणि दोघांनी हात मिळवले. समाप्त. सुरुवातीपासून बघितलं तर वाटाड्या सगळीकडे नुसता वाटाड्या होता. मला सुटल्यासारखं झालं. हे खरं आहे आणि ते लिहायला हवं: मला सुटल्यासारखं झालं, आणि मी मान वर केली तर बाबा तेच पान उघडून उभे होते.

लेखकांना पुढे बोलावून एकेक गुलाब देत होते. बाबांची पाळी आली. गुलाब घेऊन ते खाली येतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी माइक मागितला.

"शेवट छापायचा राहून गेलाय," ते म्हणाले. "तो मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितला. सिंकशी उभं राहून सांगायचे तसाच, घाई न करता, घड्याळ, झाड, फटके, बूट, कोट. मध्ये बाहेरून गाडी जायची नव्हती, तरी एका ठिकाणी थांबले. शेवटी म्हणाले, "तो वाटाड्या महार होता. आम्हीही त्यातलेच, आता बौद्ध. पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगितलं." माइक परत देऊन ते आपल्या खुर्चीवर येऊन बसले. गुलाब त्यांच्या हातातच होता, तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी सवयीने टाळ्या सुरू केल्या आणि थांबवल्या. मी मुलींच्या घोळक्यात बसले होते आणि गालिच्यावरच्या नक्षीतले चौकोन एकमेकांत कुठे मिळतात ते बघत होते. मला बाबांचा राग आला नव्हता. मला वाटत होतं की ते उघडे उभे राहिले होते आणि कुणीतरी त्यांना काहीतरी पांघरायला द्यायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी नसावं. जेवणाच्या रांगेत सगळेच माझ्याशी फार चांगलं वागले. एका मावशींनी बासुंदी वाढली, वाटी भरली तरी वाढत राहिल्या, "घे गं, तू घे, अजून घे." ती वाटी सांभाळत मी कोपऱ्यात गेले आणि ती संपवली, सगळी, कारण टाकली असती तर कुणी पाहिलं असतं. आजही बासुंदी माझ्या घशाखाली उतरत नाही. कारण विचारलं तर मी मधुमेहाचं नाव सांगते. वयाचा एवढा तरी फायदा.

चार-पाच दिवसांनी काका आमच्याकडे आले, न कळवता, एकटे. आई नुकतीच चटणी वाटत होती आणि सगळ्या घरात सुकटीचा वास कोंदला होता. आतलं दार लावायला ती वळली आणि मग तशीच उभी राहिली. चहा केला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला. मंडळींनी पानं काढायला लावली असं ते सुरुवातीला म्हणाले, आणि मग म्हणाले की नाही, कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच काढली आणि निळ्या पुस्तकातला हात तिथे जोडला. त्या दिवशी जेवायला होतात तेव्हाच मला अंदाज आला होता, म्हणाले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं.

बाबांनी विचारलं, "मला वाईट वाटू नये म्हणून, की तुम्हाला?"

खालून मुलांचा फुटबॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. "मला," काका म्हणाले. "मी ते मोठ्याने वाचलं ना."

काका उठले आणि आपला कप उचलून स्वयंपाकघरात गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, तशी आई ताडकन आत गेली. मी दारातून पाहिलं. काका सिंकशी उभे होते, हात ओले, कान लाल, आणि आईने त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "आमच्या घरी पाहुण्याला कप विसळावा लागत नाही."

असा आवाज मी तिचा बाहेरच्या माणसासमोर कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो. फक्त खाली आणलेला नव्हता. काका ओले हात तसेच धरून उभे राहिले, पुसायला फडकं मागावं की नाही हे न कळून, आणि मी नजर दुसरीकडे वळवली. आमच्या घरात तोवर लाज आमचीच असायची. दुसऱ्याची कशी बघतात ते मला माहीत नव्हतं.

काका नंतरही येत राहिले, पण पूर्वीइतके नाही, आणि दोघं बसले की क्रिकेटवर बोलायचे. पुढच्या वर्षीच्या अंकात, संपादक काकाच, वधू-वर आणि किराणा दुकानांच्या जाहिरातींच्या आधी, दीड पान मजकूर आला. वर शीर्षक नाही, मागचा संदर्भ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनचं घड्याळ सापडेना, इथून सुरू, आणि कोटापाशी संपलेला. खाली बाबांचं नाव. त्या वर्षी नवीन आलेली बरीच घरं होती. त्यांनी ते वाचलं असेल तर ही कशाची गोष्ट आहे, कुठली नदी, कोण कुणाला घेऊन पार झालं होतं, यातलं काहीच त्यांना कळलं नसेल.